पिको-फॉलवालीचा राग

मुलुंडच्या बाजारगल्लीत एका जिन्याखाली मशीन मांडून ती साड्यांना फॉल लावते. दहा वर्षं जातेय मी, पण नाव कधी विचारलं नाही. बोलणं एरवी मऊ. पण नाश्ता राहिला की तिचे हात थरथरायचे, कपाळावर घाम यायचा आणि समोर असेल तिच्यावर ती खेकसायची. आम्ही बायका निमूटपणे मशीनवरच्या डब्यातल्या लिमलेटच्या गोळ्या तिला द्यायचो. मग ती लाजून हसायची.

“इन्सुलिन घेतलं आणि खायचं राहिलं की साखर उतरते ना, ताई. मग अंगातलं अ‍ॅड्रेनलिन बोंब मारतं. मी कुठे भांडखोर आहे!”

गेल्या श्रावणात गेले तेव्हा ती अगदी शांत होती. घाम नाही, थरथर नाही. म्हटलं, आज स्वारी खुशीत दिसतेय. मग पाहिलं, तर माझ्या साडीचा फॉल ती पदराला लावत होती.

“अहो, हे काय?”

ती नुसतीच गोड हसली. मी घाबरून तिला साखरेचं पाणी पाजलं. तिने उपास धरला होता आणि इन्सुलिन मात्र रोजच्याइतकंच घेतलं होतं.

डॉक्टर तिला म्हणाले, साखर सारखी उतरली की अ‍ॅड्रेनलिनही बोंब मारेनासं होतं, आणि मेंदू उपाशी राहिलाय हे माणसाला कळतच नाही. काही आठवडे साखर उतरू दिली नाही, तर ती बोंब परत येऊ शकते.

काल साडी पुढे केली, तर केवढ्यानं खेकसली! मला हसूच फुटलं.

“हसताय काय? गोळी द्या!”