पेट्रोलच्या काट्यामागून नातेपुत्याला

अण्णा मिस्त्रींचा निरोप आला तेव्हा मी नवी पेठेत चपलेला टाके घालून घेत होतो. नातेपुत्यात त्यांचं गॅरेज आहे. नजर अधू झाली, भागीदार हवाय, रविवारी येऊन भेटा, असा निरोप. तसाच एका पायात चप्पल घालून उठलो. पण निरोप्या आधी शुक्रवार पेठेत, माझ्या आत्येभावाकडे जाऊन आला होता. म्हणजे बाळूही येणार.

बाळूचं चांगलं झालेलं मला बघवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यानं भंगारातल्या जीपचा पेट्रोलचा काटा आपल्या फटफटीला बसवलाय. आपण टाकी हलवून आवाज ऐकतो, नाहीतर ज्वारीचं चिपाड बुडवून बघतो. ह्याच्या टाकीत दांडीला लावलेली पोकळ पितळी डबी तरंगते. पेट्रोलबरोबर ती खाली गेली की काटा खाली. वर त्यानं रिझर्व्हची नळीच काढून टाकली. काटा असताना नळी कशाला, म्हणे. अख्खी पेठ बघायला गेली. मीही गेलो, आणि त्या दिवशी जेवलो नाही.

रविवारी सकाळी सहाला दोघं आपापल्या फटफटीवर निघालो. मोहोळपर्यंत रस्ता गुळगुळीत, पुढे खडी. मोहोळला गरम भजी खाऊन घ्या, पुढे बराच वेळ काही नाही. तिथेच काटा शून्यावर आला. पंपवाला टाकीत डोकावला.

"कशाला वतू, मालक? अजून अर्धी टाकी हाय की!"

डबीला भोक पडून ती बुडाली होती. मला वाटलं, आता सगळे हसतील. तर माणसं गोळा झाली. "लई डोकं चालवलंय," म्हणत एकानं भोकाला लावायला साबण आणला, एकानं चहा. माझ्या गाडीजवळ एक कुत्रं आलं, तेही चाकासाठी.

वेळापूरला मी जुनं देऊळ बघत रमलो. मूर्ती सोडून खांबच मोजत बसलो. तुम्ही तसं करू नका. बाहेर आलो तर साबण निघून काटा परत शून्यावर, आणि बाळू तांबटाच्या ओसरीवर. तांबट डाख देऊन डबीचं भोक बुजवतोय, तांबटीण बाळूला भाकरीवर शेंगाचटणी वाढतेय.

"तुमी बी ह्यांच्यासंगंच का?" तिनं मला विचारलं.

"व्हय."

"तुमची गाडी का न्हाय बिघडत?"



माळशिरसच्या अलीकडे एका खड्ड्यात काटा खालून उसळून अर्ध्यावर अडकला. पुढे तो हललाच नाही. मला दिसत होतं. पंप आला, पंप गेला, मी गप्प. नातेपुतं आठ मैल राहिलं असताना बाळूची गाडी आचके देऊन बंद पडली.

"तुझ्याकडं बाटलीबिटली हाय का रं?"

"न्हाय," मी म्हणालो. पिशवीत भरलेली बाटली होती. "पुढनं आणतो." आणि सुटलो.

अण्णा मिस्त्री खाटेवर बसले होते. "एकलाच? काटेवाला कुटं हाय?"

"वाटंत पडलाय, पेट्रोल संपलंय. सारखा बिघडतोय की काटा. सकाळधरनं तिसऱ्यांदा."

"आन खोलतंय कोण?"

"त्योच."

"तीनदा खोलतोय आन तरी काढून टाकत न्हाय?" अण्णा उठलेच. "चल, दाव मला."

लिंबाच्या सावलीत बाळूनं दांडी काढून ठेवली होती. अण्णांनी ती डोळ्यांनी नाही, बोटांनी बघितली. "हितं घासतीया."

"मग दांडी आखूड करू का, अण्णा?"

"कर की."

दोघांची डोकी एकत्र टेकली ती तासभर. मी पाना धरून उभा. शेवटी अण्णा म्हणाले, "सोमवारपासनं ये," आणि ते बाळूला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पेट्रोल आणलंस न्हवं?"

मी वाटेत कुठे थांबलोच नव्हतो. घरच्या फडक्यात गुंडाळलेली बाटली पिशवीतून काढावी लागली. बाळूनं बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टाकीचं झाकण उघडलं.

तुम्ही जाणार असाल तर माळशिरसलाच टाकी भरून घ्या. परतताना मी एकटाच होतो, गाडीनं वाटेत एकदाही त्रास दिला नाही.

चार दिवसांनी आत्यानं घरी बोलावून पुरणपोळी वाढली. त्याच रात्री कपडे न्यायला आलेला बाळू, बाटली कुठून निघाली ते गाळून, सगळ्या पेठेला सांगून गेला होता म्हणे, माझ्या भावानं पेट्रोलही आणलं आणि अण्णांनाही आणलं. "तुझ्यामुळं झालं रं समदं," आत्या म्हणाली आणि वर तूप सोडलं. पोळी चांगली होती. पहिल्या घासापासूनच मला बाळूचा पुन्हा हेवा वाटत होता; काट्याचा नाही, गॅरेजचाही नाही.