दाराआडची शिकवणी

जळगावात आमचा फोटोचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. तिला उत्तरेकडे मोठी खिडकी आणि भिंतीवर एक रंगवलेला पडदा: संगमरवरी जिना, कारंजं आणि दोन मोर. खेड्यातला शेतकरी असो की पेठेतला व्यापारी, सगळ्यांना त्या जिन्यासमोर खुर्चीवर बसवायचं, एक हात मांडीवर, एक टेबलावर, मान ताठ. आमचे हे "हलू नका" म्हणाले की माणसं श्वास घ्यायचंही विसरत. फोटो अगदी स्वच्छ यायचे, पण सगळी माणसं एकाच घरची वाटायची. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर हे म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?" मला राग आला, कारण खरंच काही कळत नव्हतं. औषधांची तबकं धुवायची आणि उन्हात छापायला ठेवलेल्या चौकटींवर कावळे बसू द्यायचे नाहीत, एवढीच माझी फोटोग्राफी.

मग एका चैत्रात पेठेतल्या एका मारवाडी शेठाणींचा निरोप आला. मुलीचं लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरलं होतं आणि ती लांब मारवाडात जायची होती. जाताना सोबत न्यायला तिला आईबरोबरचा एक फोटो हवा होता. पण शेठाणी परक्या पुरुषासमोर घुंगट वर करणाऱ्या नव्हत्या. निरोप घेऊन आलेल्या मुनीमजींना हे खुशाल सांगून बसले, "त्यात काय? माझी बायको काढेल." मी आत भाकऱ्या करत होते. ते ऐकलं आणि तव्यावरची भाकरी करपली. ती मी ह्यांनाच वाढली.

आठ दिवस शिकवणी चालली. काळ्या फडक्यात डोकं घातलं की कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर जग उलटं दिसायचं. पहिल्यांदा पाहिलं तर सासूबाई छताला लोंबकळत होत्या. मला इतकं हसू फुटलं की कॅमेऱ्याची तिवई हलली. सासूबाई धुळ्याकडच्या, तोंडानं फटकळ. म्हणाल्या, "बाईमानूस काळा फडकामा डोकं घालस, लोके काय म्हनतीन?" हे म्हणाले, "माय, लोके फोटू काढाले येतस, बोलाले नही." मी सासूबाईंचे, माठाचे, तुळशीचे फोटो काढले. फोटो ज्यांवर उमटतो त्या काचा ह्यांनी धुतल्या आणि ठीक आहेत म्हणाले. ठीक म्हणजे ह्यांच्यासारखे.

ठरल्या दिवशी शेठजींच्या गड्यानं कॅमेरा माडीवर नेऊन ठेवला आणि तो खाली गेला. जिना इतका अरुंद, की मोरांचा पडदा वर नेणं शक्यच नव्हतं. खिडकीजवळ पांढरी भिंत होती, तिच्यापुढेच मी खुर्ची मांडली. शेठाणी आल्या, पण घुंगटाला हात लावण्याआधी म्हणाल्या, "बाई, एक वचन द्या. माझा फोटो कुठल्या पुरुषाच्या नजरेला पडायला नको. काचसुद्धा नाही. तुमच्या घरच्यांच्याही नाही. काच कोण धुतं?"

"मीच," मी म्हणाले.

काच धुणं म्हणजे तिला औषधात बुडवून तिच्यावर चित्र उठवणं, आणि सगळ्या कामात हेच नाजूक. मी ते आयुष्यात केलं नव्हतं. पण मुलगी माझ्याकडे अशा आशेनं बघत होती की नाही म्हणायला जीभ वळेना.

सोबत दोनच काचा होत्या. पहिली ह्यांनी शिकवल्याबरहुकूम काढली: शेठाणी खुर्चीत, मुलगी शेजारी, नजर कॅमेऱ्यात. शेठाणींनी घुंगट वर केला खरा, पण चेहरा कचेरीत साक्षीला उभं केल्यासारखा झाला. दुसरी काच भरून मी तयार झाले, तेवढ्यात मुलीच्या कपाळावरचा बोर, तो सोन्याचा गोल दागिना, सरकला. शेठाणींनी एका हातानं तिची हनुवटी धरली, दुसऱ्यानं बोर सरळ केला, आणि तसाच हात ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. मी तिथे आहे हे दोघी विसरल्या होत्या. माणसं कॅमेऱ्याकडे बघत नसतील तर भिंगावरची टोपी काढायची नाही, असं ह्यांनी दहादा बजावलं होतं. मी टोपी काढली. मनात तीन आकडे म्हटले आणि परत लावली. का काढली, हे मला त्या घटकेला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

घरी येऊन ह्यांना वचनाचं सांगितलं. ह्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग हसले. "दिलंस ना वचन? मग मी दाराबाहेर. फक्त आता धुऊ नकोस. ह्या उन्हात पाणी तापलंय, काचेवरचा मसाला सुटेल. पहाटे गार पाण्यात धू." पण मला दम कुठला! हे जरा पेठेत गेले तेवढ्यात मी अंधाऱ्या खोलीत शिरले, लाल कंदील लावला आणि पहिली काच औषधात घातली. चित्र दिसू लागलं, मला आनंद झाला, आणि बघता बघता काचेवरचा मसाला दुधावरच्या सायीसारखा सुटून तबकात तरंगू लागला. शेठाणींचं तोंड, खुर्ची, सगळं गोळा झालं. मी बाहेर येऊन रडले. चूक माझीच होती, त्यामुळे रागवायला कोणी नव्हतं, हे आणखी वाईट.

आता एकच काच उरली होती, आणि तीही सगळे नियम मोडून काढलेली. ती गेली तर शेठाणी पुन्हा घुंगट वर करणार नव्हत्या आणि मुलगी आईच्या चेहऱ्यावाचून जाणार होती. हे परत आल्यावर मी सगळं सांगितलं. माठाला ओलं गोणपाट गुंडाळून त्यांनी तो अंगणात वाऱ्याला ठेवला.

पहाटे ह्यांनी माठ अंधाऱ्या खोलीत ठेवला, मी आत गेल्यावर दार लावलं आणि बाहेर पाट टाकून बसले. तिथून एकेक विचारू लागले. काचेवर जे उजळ तेच आधी काळं उठतं.

"आधी काय काळं झालं?"

"खिडकी. आता बोर. आता शेठाणींचा हात."

"हात? हात टेबलावर आहे ना?"

मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

"चेहरा उठला का?"

"उठतोय. काढू का बाहेर?"

बाहेरून ह्यांचा आवाज आला, "मी नेहमी कंदिलासमोर धरून बघतो आणि ठरवतो. हे सांगून शिकवता येत नाही गं. तुझं तूच ठरव."

तोवर घरातली प्रत्येक गोष्ट कोणाला तरी विचारून केलेली, मिठाच्या खड्यापासून. काच कंदिलासमोर धरली. दोन चेहऱ्यांमध्ये खिडकीचा उजेड उतरला होता आणि हनुवटीखाली आईची बोटं वेगवेगळी दिसत होती. अजून ठेवली असती तर ती बोटं एकमेकांत मिसळली असती. ह्यांचा नियम होता चेहरा चांगला गडद होऊ द्यायचा. मला बोटं हवी होती. मी काच उचलली आणि गार पाण्यात घातली. मसाला जागचा हलला नाही. पुढे मी पुष्कळ फोटो काढले, पण कुठे थांबायचं हे मी त्या पहाटे शिकले.

उन्हात त्याच काचेचे दोन फोटो छापून, ते आणि काच, सगळं फडक्यात गुंडाळून मी माडीवर नेलं. पहिला फोटो माझ्या उतावळेपणानं गेला, हेही सांगून टाकलं. शेठाणींनी आणलेला एक फोटो खिडकीशी धरून पाहिला. "मी हिला अशी धरते?"

"रोज धरतेस," मुलगी म्हणाली, आणि तिला रडू आलं. शेठाणींनी फोटो खाली ठेवून तिची हनुवटी धरली, तशीच. मी तिथून हळूच खाली उतरले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "कसा आला होता?" मी जे होतं ते सगळं सांगितलं, टोपी कधी काढली तेही.

"कॅमेऱ्याकडे कोणीच बघत नाही?"

"नाही."

"मग तो फोटो कसला?"

"हाताला काम असलं की माणसाला तोंडाची काळजी राहत नाही," मी म्हणाले. "तुम्ही काढला असता तर दोघी तुमच्याकडे बघत बसल्या असत्या, घुंगटातून." हे तसेच जेवून उठले. मला वाटलं, रुसले. मी समजूत घालायला गेले नाही.

चार दिवसांनी पारोळ्याकडचा एक शेतकरी आला. कोरा फेटा बांधून जिन्याच्या पडद्यापुढे ताठ बसला. हे काळ्या फडक्यात बराच वेळ होते. मग डोकं बाहेर काढून त्यांनी मला हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये. ह्यांच्या हाताला काहीतरी काम दे आणि तूच काढ."

शेतकरी गोंधळला. "भाऊ, फोटू तुम्ही नही काढतस का?"

"काढस ना," हे म्हणाले. "पन हिना फोटूमा मानूस जित्ता दिसस."

जो फोटो ह्यांनी पाहिला नव्हता आणि कधी पाहणारही नव्हते, त्याच्या भरवशावर ते हे बोलत होते. मी हात पुसले आणि बाहेर गेले.