उचललेल्या फळ्या

इब्राहीमभाई गेल्याचं पत्र इथं दुबईत, बर दुबईच्या वस्तीत, माझ्या हाती पडलं, तेव्हा त्यांना माती देऊन तीन आठवडे झाले होते. बोट उशिरा आली. पत्र त्यांच्या धाकट्या भावाचं, चार ओळींचं. छातीत कळ आली, अल्लाला प्यारे झाले, दुआ करा. दुआ केली. पण खरं सांगतो, नमाजाला उभा राहिलो तेव्हाही आतून धुमसत होतो. इथली आमची रत्नागिरीकडची मंडळी भेटतात आणि म्हणतात, "माणूस चांगला हो, ती एक गोष्ट सोडली तर." ती एक गोष्ट... तिच्यासाठीच हे लिहितोय.

साठ साल नुकतंच सरलं होतं. रास अल खैमाच्या मागचे उघडे डोंगर सोडून दक्षिणेला गेलं की नुसती वाळू, आणि त्या वाळूत तेल शोधणाऱ्या एका कंपनीचा तळ. मी मॅट्रिक पास म्हणून कारकून आणि साहेबाचा दुभाषी. इब्राहीमभाई स्टोअरकीपर, आधी दहा वर्षं जहाजावर काढलेली. तळावर कसं राहायचं ते मला त्यांनीच शिकवलं. बूट आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही, पाण्याच्या डब्याला ओलं गोणपाट गुंडाळायचं, ताट वाळूनं घासायचं, पाणी पिण्यापुरतं ठेवायचं. मी पहिल्याच दिवशी अर्धी बादली तोंड धुण्यात घालवली, तर म्हणाले, "शाला शिकलास रे बशीर, पन र्‍हायाला नाय शिकलास."

सामानाची यादी मी टाईप करायचो. त्या यादीत घडीचे पलंग होते, फक्त साहेब लोकांसाठी. बाकीच्यांना वाळूवर ताडपत्री. एका सकाळी एका बलुची मजुराला अंथरुणातच विंचू चावला. पाय भोपळ्यासारखा सुजला, आठ दिवस तो माणूस कण्हत होता. आम्ही आणखी पलंगांसाठी अर्ज केला. उत्तर आलं, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यातही तेच. इब्राहीमभाईंनी कागद वाचून घेतला आणि एवढंच म्हणाले, "विंचू काय पगार इचारून चावतो?"

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. डबाबंद सामान ज्या खोक्यांतून यायचं त्यांच्या फळ्या भटारखान्यात जळणाला जायच्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, तंबूचे जुने दोर विणले आणि पंधरा दिवसांत नऊ बाजा उभ्या केल्या. प्रत्येक पायाखाली दुधाचा रिकामा डबा, डब्यात बोटभर रॉकेल. विंचू चढेल कुठून? सगळं भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मग तळावर नवा साहेब आला, कॅम्प बॉस. त्यानं बाजा पाहिल्या, इब्राहीमभाईंना बोलावलं आणि मला म्हणाला, "विचार याला, कंपनीच्या फळ्यांचं काय केलं?" मी विचारलं. ते हसून म्हणाले, "मीच उचलल्या. जालायच्याच होत्या ना?" मी शाळेत पाठ केलेलं इंग्रजी फेकलं, "ही लिफ्टेड देम, सर." आपल्या उचलण्याला जसा उचलेगिरीचा वास आहे, तसाच त्या इंग्रजी शब्दालाही आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबाचा चेहरा बदलला. 'चोरी कबूल' असं त्यानं लिहिलं ते मी उलट्या बाजूनं वाचलं. जळणाचं तर मी बोललोच नाही. तोंड उघडलं असतं तर माझीही नोकरी गेली असती असं तेव्हा वाटलं. मी भित्रा होतो. दुसरा शब्द नाही.

त्या शेऱ्यासकट त्यांना बोटीत बसवलं. पुन्हा कुठल्याही तळावर कोणी घेतलं नाही. मुलीची ठरलेली सोयरीक मोडली, कारण गावात बातमी आधी पोहोचली. मी तीन पत्रं लिहिली, सगळी कबुली दिली. उत्तरात काय, तर "तब्येतीला जप, बूट झटकून घाल." मला त्यांचाही राग येतो. एक शिवी तरी हासडायची होती! आणि त्यांना घालवल्यावर तीन महिन्यांनी वरच्या ऑफिसातून हुकूम आला: सर्व तळांवर मजुरांना बाजा द्याव्यात, पायांखाली रॉकेलचे डबे ठेवावेत. नव्या साहेबाची कल्पना म्हणून वर शाबासकी. तो कागदही मीच टाईप केला.

आता मी बर दुबईत एका कापडाच्या पेढीवर आहे. माडीवरची खोली, खाली सिमेंट. तरी माझ्या खाटेच्या चार पायांखाली चार डबे आहेत. माझा खोलीसोबती वैतागतो, "यार बशीर, इधर बिच्छू किधर से आएगा? फेंक दे, खलास." दर शुक्रवारी नमाजाहून आलो की गुडघे टेकून चारी डब्यांत रॉकेल ओततो.

इब्राहीमभाईंनी फळ्या उचलल्या. दोन्ही हातांनी उचलल्या, जळायला निघालेल्या उचलल्या, नऊ माणसांना जमिनीवरून वर उचलण्यासाठी. हे साहेबाला सांगायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं...