बेथलेहेमची बाकीची घरं

नोव्हेंबरात रूथ आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या शाळेत नववीच्या वर्गावर होतो. देगलूरहून रझिया आपांनी, म्हणजे आत्याच्या शेजारणीनं, फोन केला होता. “दानू बेटा, सिस्टर गुजर गई,” एवढंच त्या बोलल्या. मी नांदेडला पप्पांना कळवलं. त्यांची ती धाकटी सख्खी बहीण... गुडघे दुखतात, बसमध्ये चढवत नाही, तूच जा, असं म्हणाले. उदगीरमार्गे मी एकटाच मातीला पोचलो.

आत्या चाळीस वर्षं देगलूरच्या एका डॉक्टरांकडे नर्स होती. मातीला आलेल्या गर्दीत निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली, टोप्या घातलेली, गंध लावलेली, तेलुगू बोलणारीसुद्धा. पण तिथल्या आमच्या चर्चमध्ये लोक तिला जरा टाळत. कारण दर नाताळला उपासना संपून चहा सुरू झाला की ती पाळकसाहेबांना एकच प्रश्न विचारायची. हेरोद राजा बेथलेहेमच्या बाळांना मारणार हे देवदूतानं योसेफाला स्वप्नात सांगितलं, त्यानं आपलं लेकरू, येशूला, घेऊन मिसर देश गाठला, ठीक. पण त्याच गल्लीत आणखी लेकरं होती. त्यांच्या आईबापाला कुणी का सांगितलं न्हाई? पाळकसाहेब देवाची योजना समजावून सांगायचे. आत्या शांतपणे ऐकून घ्यायची, “हाव” म्हणायची आणि लोकांना करंज्या वाढायला लागायची. बायका खाली बघत राहायच्या. का, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मी आणि तिचा एकुलता एक शमुवेल, दोघं दहा वर्षांचे, किनवटकडच्या एका वसतिगृहात होतो. आत्याचा नवरा आधीच वारलेला. त्या पावसाळ्यात विहिरीचं पाणी बिघडलं आणि मुलं तापानं पडायला लागली. तिथल्या स्वयंपाक्यानं नांदेडला घरी येऊन पप्पांना हळूच सांगितलं, पोराला घेऊन जा, दोघं दगावलेत, साहेब बातमी दाबून राहिलेत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पप्पा आले. शमुवेलला आदल्या दिवसापासून ताप होता. तरी तो फाटकापर्यंत आमच्यामागं चालत आला, आपली पत्र्याची पेटी उचलून. “मामा, मी पन येतो,” म्हणाला. पप्पांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, “तुझी आई येईल न्यायला.” मी मागं वळून पाहिलं. तो पेटीवर बसला होता.

देगलूरच्या दवाखान्यात फोन होता, नंबर पप्पांना पाठ होता. त्यांनी तो फिरवला नाही. चौथ्या दिवशी शमुवेल गेला. आत्याला कळलं तेव्हा ती दुसऱ्या बाईचं बाळंतपण करत होती. ते पुरं करून मगच ती निघाली, असं रझिया आपा सांगतात.

दुसऱ्याचं पोर न्यायला वसतिगृहाच्या साहेबांनी परवानगी दिली नाही, असं पप्पा सांगत, आणि मी त्यावर विश्वास ठेवून मोठा झालो. आत्यानं कधी भांडण केलं नाही. उलट दर नाताळला ती आम्हाला जेवायला बोलवायची. जेवणाआधी मला दाराच्या चौकटीला टेकून उभं करायची आणि डोक्याजवळ पेन्सिलीनं रेघ ओढायची. समोर पलंगावर पप्पा बसलेले असायचे. मला वाटायचं, ती माझ्यात शमुवेलला शोधते. मिशा फुटल्यावरही मी आनंदानं उभा राहायचो...

गेल्या ऑक्टोबरात तिला भेटलो तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. पोटात गाठ होती, अन्न जात नव्हतं. मी तिचा हात धरून माफी मागितली. तिनं हात काढून घेतला.

“तू लेकरू व्हतास. तुला कशाची माफी?” ती म्हणाली. “तुझ्या बापानं सायबाला इचारलंच नव्हतं. मी किनवटला जाऊन सोता इचारलं.”

मग इतकी वर्षं आम्हाला जेवायला का बोलावलंस, असं मी विचारलं.

“तू वाढताना तुझ्या बापाला दिसावा म्हनून. माझ्या दारात.”

त्यानंतर ती भिंतीकडं तोंड करून पडली. माझ्याशी तिचं हेच शेवटचं बोलणं.

मातीहून परतताना मी नांदेडला उतरलो. सोबत काही नव्हतं, कपड्यांवर कबरीची धूळ होती. पप्पांना सरळ विचारलं. “साहेब नाही म्हणाला नसता,” ते म्हणाले. “पण शमुवेल तापलेला होता. गाडीत तू त्याला चिकटून बसला असतास.”

आज नाताळ होऊन तीन आठवडे झाले. या सणाचा अर्थ लहानपणापासून मला शिकवला गेला तो असा: वाचवलेलं ते एक बाळ पुढं सगळ्यांसाठी मरतं, म्हणून त्याचं वाचणं सार्थकी लागतं. मीही वाचवलेलाच. मी लातुरात गणित शिकवतो, घराचे हप्ते फेडतो, कुणासाठी मरायची वेळ माझ्यावर आली नाही. यंदा उपासनेत माझा दहा वर्षांचा मुलगा माझ्याशेजारी बसला होता. त्याच्या पलीकडं त्याचा मित्र खोकत होता. कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं मी मुलाला उठवलं आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बसवलं.