अंजूरचा रग्बी सामना आणि सानिकाचा एकच प्रश्न

"आत्या, रग्बीची मॅच आहे माझी, येच तू," असा सानिकाचा फोन आला आणि मी पुण्याहून निघाले. भिवंडी काही फिरायची जागा आहे का, असं घरातल्या सगळ्यांनी विचारून झालं. पण दादाच्या या लेकीला नाही म्हणणं मला जमत नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगते, कल्याणला उतरून शेअर रिक्षा धरा. कोन गावापासून ट्रेलरांची रांग लागते, तेव्हा नाकाला ओढणी बांधा आणि चिडू नका. भिवंडीत रिक्षा बदलायची. अंजूरफाट्यालाच वडापाव खाऊन घ्या, पुढे नुसती गोदामं. त्यांच्यामध्ये भातशेतीचा एक तुकडा उरलाय, तेच पोरींचं मैदान.

खाडीवरून आलेलं धुकं ऊन चढलं तरी हटत नव्हतं. तिन्ही बाजूंना गोदामांच्या भिंती, त्यामुळे एकदा वाजलेली शिट्टी मागून पुन्हा ऐकू यायची. मला ती जागा पहिल्यापासूनच आवडली नाही.

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, एका टॅकलमध्ये सानिकाचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आदळलं. बायका पाणी घेऊन धावल्या.

"कुणी उचलू नका तिला!" कोच निशा मॅडम ओरडल्या. गुडघे टेकून त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरलं, मान तपासली, मगच तिला बसवून कडेला आणलं. रक्ताचा थेंब नव्हता. सानिका माझ्याकडे बघून गोड हसली.

"आत्या आली का?"

"ही काय, समोर आहे की!"

"हो? बरं." मग पुन्हा तेच हसू, तोच सूर. "आत्या आली का?"

मी मॅडमकडे बघितलं.

"मेंदूला मार बसलाय," मॅडम म्हणाल्या. "आज ही परत खेळणार नाही. गाडी बोलावलीय. ताई, हिला सोडू नका. आत्ता दुसरा दणका बसला तर जिवावर बेतेल."

इथल्या पोरी कबड्डीतून आलेल्या, बघणारेही कबड्डीवाले. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या संघाला गुण मिळाला की पुन्हा आत जातो. आमच्या पोरींनी ट्राय केला, म्हणजे पलीकडच्या रेषेमागे बॉल टेकवून गुण घेतले, आणि कडेची एक आजी ओरडली, "सानिके, जिती झाली तू! बसली काय? जा!" लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

सानिका उठली. माझा हात झटकून सावकाश चालत धुक्यात गेली आणि समोरच्या संघाच्या पोरींमध्ये उभी राहिली. चेहरा कोरा. खेळ सुरू झाला, बॉल तिच्याच दिशेने आला आणि मागून पोरी. मी चपला टाकून धावले, तिला कवेत घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ केली. मॅडमची शिट्टी वाजली, मग भिंतींमधून पुन्हा वाजली. पोरी हातभर अंतरावर थांबल्या.

"काय झालाय तिला?" आजी रागावली होती. "रगात न्हाय, काय न्हाय!"

भिवंडीच्या दवाखान्यापर्यंत सानिका माझा दंड घट्ट धरून तोच प्रश्न विचारत होती. मी दर वेळी "आले गं" म्हणत होते. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी ती नीट बोलायला लागली तेव्हा मी ढसाढसा रडले. डॉक्टर सांगेपर्यंत खेळ बंद.

काल तिचा फोन आला. आवाज पूर्वीसारखा खणखणीत, माझा जीव भांड्यात पडला.

"बाबा सांगतात तू मॅचला होतीस," ती म्हणाली. "पण आत्या, मला मैदानावर फक्त तुझी वाट बघितलेली आठवतेय. तू आलीच नाहीस."

माझ्या दंडावर तिच्या बोटांचे काळेनिळे डाग अजून आहेत.