उसनी शेपूट

आमची मावशी संग्रहालयात पालींची चित्रं काढायची. घरात भिंतीवर पाल दिसली की आम्ही किंचाळत खुर्चीवर चढायचो, आणि मावशी पेन्सिल शोधायची. "अगं, थांब ना जरा," हे ती पालीला म्हणायची, आम्हाला नव्हे.

संग्रहालयातल्या तिच्या खोलीत दुपारचं ऊन बरण्यांमधून गाळून यायचं आणि टेबलावर पाण्यासारखं हलायचं. स्पिरिटमधल्या पाली आपला रंग विसरून गेलेल्या. काचेला बोटं टेकवून त्या बाहेर बघत असायच्या. मला तिथे हमखास पेंग यायची.

नदीअलीकडच्या डोंगरावरच्या एका रानपालीचं चित्र मावशीचं सगळ्यात लाडकं. दालनात शिरताच समोर तेच. त्या पालीची शेपूट पकडतानाच तुटली होती, आणि त्या डोंगरावर दुसरी पाल कधी मिळालीच नाही. म्हणून मावशीने नदीपलीकडच्या डोंगरावरच्या पालीची शेपूट हिला काढली. दोघी हुबेहूब सारख्या, बरण्यांवर नावही एकच. चित्रकार असं सर्रास करत.

मग एक संशोधक मुलगी आली. तिने बरण्यांमधल्या, दोन्ही डोंगरांवरच्या पालींचा डीएनए तपासला.

"मावशी, या दोन वेगळ्या जाती आहेत. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी वेगळ्या झाल्यात. फक्त दिसायला सारख्या."

"मग मी काढली ती?"

"तशी पाल कुठेच नाही. चित्र उतरवावं लागेल."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. मला त्या मुलीचा इतका राग आला म्हणून सांगू! बरोबर होती, म्हणून तर जास्तच.

मग मावशीने विचारलं, "या दोघींची कुणी खापरपणजी असेल ना गं?"

"असणारच."

"कशी दिसायची?"

"कुणालाच माहीत नाही."

"मग ती अशी नव्हतीच, हेही माहीत नाही ना?"

मुलगी चित्राकडे बघत राहिली. "नाही," ती हळूच म्हणाली.

खापरपणजी मावशीच्या काखेतून घरी आली आणि तिच्या पलंगावर टांगली गेली. दालनासाठी मावशीने दोन नवी चित्रं काढली. त्यातल्या अलीकडच्या डोंगरावरच्या पालीला शेपूटच नाही. खरी शेपूट कुणी पाहिलेली नाही, म्हणून तेवढा कागद मावशीने कोरा सोडलाय. "सापडली की भरीन," म्हणाली होती.

आता मावशी नाही. त्या अलीकडच्या डोंगरावर लोक अजून शोधतायत. शेपटीसकट पाल मिळाली की कुणीतरी दुसरंच ती जागा भरेल. खरं सांगू? ती सापडूच नये असं मला वाटतं.