परत आलेला डबा

विमानातून खाली पाहिलं तर वाळू आणि वाळूत उभ्या क्रेन. एकही हलत नव्हती. मंदीचं साल होतं. मुलगा विमानतळावर म्हणाला, "आई, आलीस ते बरं झालं," आणि फोनवर बोलायला लागला.

दुबई मरीनात त्याचं घर एकतिसाव्या मजल्यावर. मी डिंकाचे लाडू नेले होते. मुलगा म्हणाला, "नंतर." सून मेधाचं डाएट. नातीने एक उचलून वास घेतला, "नो थँक्स, आजी," म्हणून खाली ठेवला. दिवसभर घरात मी आणि लाडू.

संध्याकाळी मेधा मला पाण्याकाठी फिरवी. बाकावर शेजारच्या फ्लॅटमधला जर्मन म्हातारा बसे. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल. मेधाने इंग्रजीत विचारून मला सांगितलं: आधी जिल्ह्याचा अधिकारी, मग त्यांच्या राज्यात आमदार, हरल्यावर पुन्हा सरकारी नोकरी. आता इथे नवं शहर वसवायला सल्लागार. काम थांबलेलं. ते सुरू होण्याच्या पत्राची वाट पाहत होता.

"आमदार होऊन परत फायली?" मी म्हटलं. "आमच्याकडचा आमदार फाईल स्वतः उचलत नाही, सांग त्याला."

तो हसला. "मी तर सायकलवर फिरायचो, मॅडम. म्हणूनच हरलो असेन."

दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात दहा लाडूंचा डबा दिला. तासाभरात परत आला, दहाच्या दहा. वर चिठ्ठी. मेधाने वाचली, "पदावर असताना मी कोणाकडून काही घेत नाही. गैरसमज नसावा."

"लाडवात कसली लाच?" मी म्हणाले. "मला काय त्याच्याकडून धरण बांधून हवंय?"

राग आला. पण नको म्हणण्याचं निदान कारण तरी त्याने लिहून दिलं. घरात तेवढंही कोणी केलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्याच्या मांडीवर फाईल नव्हती. मेधा काही विचारण्याआधीच त्याने माझ्याकडे पाहून हात झाडले. "खलास." तिथे सगळेच हा शब्द बोलतात. मेधाची गरज पडली नाही.

मी वर जाऊन डबा आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने बराच वेळ झाकणावर हात ठेवला, मग उघडलं. एक लाडू संपवला, दुसरा घेतला. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कोणीतरी खात होतं.

तो जर्मनीला परत गेला त्या दिवशी डबा आमच्या दाराशी होता, धुतलेला, रिकामा. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. त्याला कोण सांगणार?

इस्लामपूरला आल्यावर शेजारणीने विचारलं, "काकू, दुबईत काय पाहिलंत?"

"एक साहेब नोकरीतून सुटताना पाहिला," मी म्हटलं. "दोन लाडू खाल्ले त्याने."